बोटीची पेट्रोल टाकी गळत असेल तर: शोध, निर्णय आणि नवी टाकी

जुनी फायबर बोट विकत घेताना बहुतेक जण इंजिन सुरू करून बघतात, तळ ठोकून बघतात, कागद तपासतात. डेकखालची टाकी कोणी बघत नाही, कारण ती दिसतच नाही. मग मालवण-देवबागकडचा एखादा नवा बोटमालक भर हंगामात विचारतो, "तळात पेट्रोलचा वास येतोय, काय करू?" त्याच्यासाठी हे लिहितो आहे. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन, आणि डेकखाली कायमची बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी अशी बोट इथे धरली आहे. पात किंवा लहान होडीवरची उचलून नेता येणारी प्लास्टिकची टाकी गळत असेल तर फार विचार करू नका, ती टाकून नवी घ्या.

वास आला की आधी हे

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी खाली उतरते आणि बोटीच्या तळात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असले की एक ठिणगी पुरते. म्हणजे थोडेसे सांडलेले पेट्रोलसुद्धा बंद तळात स्फोटाला पुरेसे ठरते.

म्हणून वास आला की सगळी माणसे बोटीवरून खाली उतरवा. किल्ली फिरवू नका, पंप लावू नका, दिव्याचे बटण दाबू नका, मोबाइल खिशात घालून तळात वाकू नका. सगळी झाकणे उघडा आणि वारा खेळू द्या. शेजारच्या बोटीवर भात शिजवायला स्टोव्ह पेटलेला असेल तर त्यांनाही सांगा. किनाऱ्यावर ही गोष्ट सर्रास विसरली जाते. बॅटरीचा मुख्य स्विच तळापासून लांब, उघड्यावर असेल तरच तो बंद करा. नसेल तर वास पूर्ण जाईपर्यंत बॅटरीला हात लावू नका, कारण टर्मिनल काढतानाही ठिणगी पडते.

तळातले पाणी आपोआप उपसणारा पंप हा धोका वेगळा सांगायला हवा. तळात पेट्रोल साचले की पंपाचा फ्लोट (तरंगणारा स्विच) वर उचलला जातो आणि पंप स्वतःहून सुरू होतो. मग पेट्रोल समुद्रात जाते आणि पंपाचा स्विच ठिणगी टाकणारा असेल तर बोटही जाते. ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर बादलीने पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते, आग आणखी पसरते.

समुद्रात असताना वास आला तर सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून वारा जिकडून येतो त्या बाजूला मोकळ्या जागेत बसवा, झाकणे उघडा आणि मदत मागवा.

गळते आहे ती टाकीच का?

डेक कापायच्या आधी हा प्रश्न सोडवा. बऱ्याचदा टाकी ठणठणीत असते आणि गळती दुसरीकडे असते. गळती केव्हा होते, यावरून बरेच कळते.

टाकी काठोकाठ भरली की वास येतो आणि थोडे वापरल्यावर थांबतो, असे असेल तर दोष वरच्या बाजूला आहे: भरण्याची नळी, तिच्या क्लिपा, हवेची नळी, नाहीतर इंधन दाखवणाऱ्या गेजच्या सेंडरखालचे गॅस्केट. सेंडर म्हणजे पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग, तो टाकीच्या माथ्यावर पाच स्क्रूंनी बसवलेला असतो. त्याच्या कडेने ओलसर, धूळ धरलेला डाग दिसला तर बहुधा चोर सापडला. गॅस्केट स्वस्तात मिळते.

इंजिन चालू असतानाच गळत असेल तर टाकीपासून इंजिनापर्यंतची लाइन बघा: फिल्टर, हाताने दाबायचा रबरी बल्ब, इंजिनाला जोडायचा कनेक्टर.

कुठे ओले नाही, पण दुपारी ऊन चढले की वास येतो? मग स्वच्छ सुती फडके घ्या, प्रत्येक नळीवरून घट्ट पुसत न्या आणि फडक्याचा वास घ्या. फडक्याला पेट्रोलचा वास लागला तर नळी जुनी झाली आहे, पेट्रोल तिच्या अंगातूनच पाझरते आहे. ती सबंध नळी बदला.

टाकी अर्धी असो वा पाव, गळती सुरूच असेल, तर मात्र टाकीचा तळ किंवा खालची बाजू गेली आहे. फिल्टरमधले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून बघा. थोड्या वेळाने खाली वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. आपल्याकडच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी धरून ठेवते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. हंगामानंतर महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या बोटीत हा थर टाकीला आतूनही खातो.

टाकी रिकामी करणे

हाताने चालवायचा पेट्रोलचा पंप वापरा. साधी विजेची मोटर नको. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडा. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला इजा होते. कॅन पेट्रोलसाठीच बनवलेले हवेत, आणि भरताना ते थेट जमिनीवर ठेवा. गाडीच्या हौद्यात किंवा प्लास्टिकच्या ताडपत्रीवर ठेवून भरले तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

काढलेले पेट्रोल घरी साठवायचा विचार असेल तर पेट्रोलियम अधिनियम, १९३४ लक्षात ठेवा. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येते. शंभर लिटरच्या टाकीतला माल कुठे जाणार, हे आधी ठरवा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. भरलेल्या टाकीत द्रव असतो, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण. "रिकामी केली, आता काही भीती नाही," असे कोणी म्हणाले तर त्याला तिथेच थांबवा.

दाबाची चाचणी

टाकीच्या सगळ्या नळ्या काढा आणि एक सोडून प्रत्येक तोंडाला रबरी बूच मारा. उरलेल्या तोंडाला टी-जोड लावा. त्याच्या एका बाजूला सायकलचा हातपंप आणि कॉक, दुसऱ्या बाजूला पारदर्शक नळी. ही नळी यू आकारात फळीवर बांधा आणि तिच्यात रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ७० सेंटिमीटरचा फरक पडला की टाकीत १ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब झाला. बाजारातल्या स्वस्त गेजपेक्षा हे मोजमाप खात्रीचे. शिवाय दाब जास्त झाला तर पाणी नळीबाहेर उडते, टाकी फुगत नाही.

गॅरेजचा कॉम्प्रेसर कधीही थेट जोडू नका. १ पीएसआय ऐकायला किरकोळ वाटतो, पण ६० बाय ९० सेंटिमीटरच्या पत्र्यावर तो साडेतीनशे किलोहून जास्त जोर लावतो. ३ पीएसआयला हाच जोर एक टनाच्या वर जातो. जुन्या टाकीची गळती शोधायला १ पीएसआय पुरे.

कॉक बंद करा आणि अर्धा तास पाण्याची पातळी बघा. हे काम सकाळी लवकर, सावलीत करा. टाकीतल्या हवेचे तापमान एका अंशाने बदलले तरी पाणी सुमारे साडेतीन सेंटिमीटर हलते, त्यामुळे ऊन-सावलीच्या खेळात निष्कर्ष चुकतो. पातळी उतरत असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे पाणी ब्रशने सगळ्या जोडांवर आणि वेल्डवर लावा. मोठ्या भोकाला मोठा बुडबुडा येतो. बारीक भोकाला येतो तो पांढरा, साबणाच्या फेसासारखा ठिपका, आणि त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. घाई करू नका. वर कुठेच फेस नाही आणि पातळी मात्र उतरते आहे, म्हणजे भोक खाली आहे. टाकी बाहेर काढावी लागणार.

दुरुस्ती की नवी टाकी?

माझे मत स्पष्ट आहे: तळाला भोक पडलेली टाकी बदला. कारण समजून घ्या, म्हणजे पटेल.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने एक पातळ थर धरतो आणि तोच त्याला वाचवतो. टाकी ओल्या फोमवर, गालिच्याच्या तुकड्यावर किंवा उघड्या प्लायवूडवर टेकलेली असली की तिथे खारे पाणी अडकते आणि हवा पोचत नाही. थर तुटतो, पुन्हा धरत नाही. क्षार धातूत खड्डे पाडतात. टाकी बाहेर काढल्यावर तळाला जो पांढरा, पिठासारखा लगदा दिसतो, तो त्याचाच. नखाने खरवडा, खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतील. त्यातला एक आरपार गेला म्हणून तुम्हाला वास आला. बाकीचे त्याच वाटेवर आहेत. एक भोक वेल्ड केले की पुढच्या हंगामात शेजारचे गळते, आणि डेक पुन्हा उचकटावा लागतो.

वेल्डिंग चालते ते एका परिस्थितीत: पत्रा सगळीकडे जाड आणि निरोगी आहे, पण हादऱ्यांनी एखाद्या पट्टीपाशी किंवा वरच्या शिवणीला तडा गेला आहे. तेव्हाही टाकी बोटीबाहेर काढून, आतले सेंडर-नळ्या काढून, गरम साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, आत आर्गन किंवा नायट्रोजन भरून, इंधनाच्या टाक्यांचे काम नेहमी करणाऱ्या कारागिराकडूनच आर्गन वेल्डिंग करून घ्या. साध्या पाण्याने विसळून वेल्डिंगला बसणे जिवावर बेतते. शिवणींत आणि आतल्या पडद्यांच्या (पत्र्याच्या आडव्या भिंतींच्या) कोपऱ्यांत उरलेले पेट्रोल उष्णतेने पुन्हा वाफ होते. डिझेलच्या टाकीलाही हाच नियम. डिझेल सहज पेट घेत नाही, पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचीही वाफ होते आणि टाकी फुटते.

एम-सील, किंवा भोकावर साबणाची वडी घासणे, हे उपाय समुद्रातून किनाऱ्यापर्यंत येण्यासाठी आहेत. त्यावर दुसऱ्या दिवशी पर्यटक घेऊन जाऊ नका. टाकीच्या आत ओतून फिरवायची सीलिंगची रसायने मिळतात, ती मी बोटीसाठी सुचवत नाही. थर सुटला तर त्याचे पापुद्रे इंधनाच्या नळीत येतात आणि इंजिन नेमके लाटांत बंद पडते.

टाकी काढणे

आधी नीट शोधा, टाकीवरचे झाकण स्क्रूने बसवलेले असू शकते. गालिच्याखाली किंवा रंगाखाली स्क्रूची डोकी लपलेली असतात. झाकण नसेल तर डेक कापावा लागेल, आणि कापायचे यंत्र म्हणजे ठिणग्या. म्हणून कापण्याआधी टाकी पाण्याने काठोकाठ भरा, म्हणजे आत वाफेला जागा उरत नाही. तळाला गळत असेल तर पाणी खाली जाईल, ते भरत राहा. बोटीचा तळ साबणाच्या पाण्याने धुवा आणि ते तेलकट पाणी डब्यात गोळा करा, समुद्रात सोडू नका. पंखा बोटीपासून लांब ठेवून मोठ्या पाइपने ताजी हवा तळात ढकला. तळातली हवा पंख्यातून ओढून काढायची नाही, कारण मग वाफ मोटरमधून जाते. शेवटी ज्वलनशील वायूचा मीटर भाड्याने आणून तळात सगळ्यात खाली धरा. त्याने सुरक्षित दाखवले तरच यंत्र लावा. करवतीची खोली डेकच्या जाडीपुरतीच ठेवा. फायबरची धूळ फुप्फुसात जाते, मास्क लावा.

टाकी फोममध्ये गाडलेली असेल तर फोम हाताच्या करवतीने आणि लांब सुरीने कापा. तापवलेली तार नको. याला वेळ लागतो, लागू द्या. फोम सुटला की पाणी उपसून टाकी उचला.

हे सगळे केव्हा करायचे? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्याआधी बोटी वर ओढून शाकारल्या जातात. टाकीची तपासणी त्या आधी, मे महिन्यातच उरकावी. एकदा पाऊस सुरू झाला की दमट हवेत डेकचे फायबरकाम नीट धरत नाही.

नवी टाकी बनवून घेताना

जुन्या टाकीचे माप घ्या, पण नवी टाकी आत जाईल का, हे पुठ्ठ्याचा साचा करून आधी पाहा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागले की लिटर मिळतात. त्यातले पाच टक्के पेट्रोल फुगण्यासाठी सोडा. शंभर लिटर पेट्रोल साधारण ७५ किलो भरते, त्यामुळे मोठी टाकी घ्यायचा मोह असेल तर बोटीचा तोल आधी बघा.

कारागिराला सांगायच्या गोष्टी:

- पत्रा ५०५२ किंवा ५०८३ मिश्रधातूचा, ३ मिलिमीटर. २.३ च्या खाली तर नाहीच.
- आत आडवे पडदे, नाहीतर लाटेत पेट्रोल एका बाजूला आदळते.
- पेट्रोलच्या टाकीची सगळी तोंडे माथ्यावर. तळाला ड्रेन नको.
- पितळी फिटिंग थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये नको. खाऱ्या हवेत पितळ शाबूत राहते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजते. ३१६ स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियमचेच फिटिंग घ्या.
- ताब्यात घेण्याआधी तुमच्या डोळ्यांसमोर ३ पीएसआयची चाचणी.

कोणी फायबरची टाकी स्वस्तात करून देतो म्हणाला तर नको म्हणा. साधे पॉलिएस्टर रेझिन इथेनॉलमध्ये मऊ पडते आणि तो चिकटा इंजिनात जातो. बोटीसाठीच बनवलेली तयार पॉलिथिनची टाकी चांगली असते, गंजत नाही. पण पेट्रोल भरल्यावर ती सुमारे दोन टक्के फुगते, म्हणून चारही बाजूंना कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडावीच लागते. आणि ती फुटली तर सांधत नाही.

गेजचा सेंडर घेताना तुमच्या गेजचा प्रकार बघा. एक प्रकार २४० ते ३३ ओहमचा, दुसरा १० ते १८० चा. अदलाबदल झाली तर भरलेली टाकी रिकामी दिसते.

बसवणे

नवी टाकी किती टिकेल, हे इथे ठरते. जुनी ज्या कारणाने गेली ते कारण तसेच ठेवून नवी बसवली, तर पैसे पाण्यात. टाकीखाली पाणी थांबता कामा नये आणि हवा सगळीकडून फिरली पाहिजे, या दोन गोष्टींसाठी पुढची सगळी खटपट.

टाकीच्या तळाला एचडीपीई प्लास्टिकच्या किंवा निओप्रीनच्या पट्ट्या मरीन सीलंटने सलग चिकटवा. पट्टी आणि पत्रा यांच्यात फट राहिली तर तिथेच पाणी अडकेल, म्हणून सीलंट दोन्ही कडांनी बाहेर येईपर्यंत दाबा. पट्ट्या पाणी वाहण्याच्या दिशेने लावा, आडव्या लावल्या तर बांध होतो. टाकीखाली निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा हवी. बांधायच्या पट्ट्यांखालीही निओप्रीन द्या. टाकी हलता कामा नये आणि डेकचा भार तिच्यावर येता कामा नये. बाहेरून एचिंग प्रायमर आणि इपॉक्सी रंग दिला तर उत्तम. फोम, गालिचा, फेल्ट, उघडे प्लायवूड यातले काहीही टाकीला लागू देऊ नका.

नळ्या पेट्रोलसाठीच्या मरीन नळ्या घ्या, ज्यांवर आयएसओ ७८४० छापलेले असते. शेतीच्या दुकानातली पारदर्शक पाइप पेट्रोलने कडक होते आणि तडकते. भरण्याची नळी ३८ मिलिमीटर, हवेची १६. भरण्याच्या नळीला दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस क्लिपा. दोन्ही नळ्या टाकीकडे सतत उतरत्या हव्यात. मध्ये झोळ पडला तर तिथे पेट्रोल साचते आणि भरताना उलटे तोंडावर उडते.

भरण्याचे धातूचे तोंड आणि टाकी वायरने बोटीच्या अर्थिंगला जोडा आणि मल्टिमीटरने तपासा. रोध १०० ओहमच्या आत हवा. वायर आहे, पण टोक गंजलेले, अशी स्थिती जुन्या बोटींत नेहमी दिसते.

पहिल्यांदा भरताना

डेक बंद करायच्या आधी टाकी पाव भरा आणि सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून बघा. मग काठोकाठ भरा आणि रात्रभर उघडीच ठेवा, जवळ कोणी बिडी-सिगारेट ओढणार नाही याची सोय करून. सकाळी पुन्हा फडके फिरवा. आता बोट थोडी हलवून, कलती करून बघा. सगळे कोरडे असेल तरच डेक लावा. तो पुन्हा फायबरने कायमचा बंद करू नका. स्क्रूचे झाकण करा, गॅस्केट द्या आणि सेंडर व नळ्यांच्या वर हाताने फिरवून उघडणारी गोल तपासणी झाकणे बसवा. प्रवासी बोट असेल तर टाकी बदलल्याचे सर्व्हे करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवा आणि चाचणीचा कागद जपून ठेवा.

इंजिन आत बसवलेले असेल, आउटबोर्ड नसेल, तर दर वेळी सुरू करण्याआधी बोटीत बसवलेला, इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटे चालवा आणि झाकण उघडून तळाचा वास घ्या.

राहिली जुनी टाकी. ती तशीच भंगारवाल्याला देऊ नका. तो गॅस कटर घेऊन ती उघडायला बसेल आणि आत वाफ आहे, हे त्याला कळणार नाही. साबणाच्या पाण्याने धुवा, सगळी बुचे काढून काही दिवस उघड्यावर ठेवा, आणि अंगावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहा: "पेट्रोलची टाकी, कटर लावू नये". देताना तोंडानेही सांगा.